वीज परत आल्यावर

माझं टेबल खरेदीचं. सरकारी रुग्णालयांना लागणाऱ्या खाटा, गाद्या, यंत्रं यांच्या निविदांच्या फायली माझ्या टेबलावरून निघतात. धाराशिव जिल्ह्यात हे काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली होती, आणि मी ते चांगलं करते अशी माझी पक्की समजूत होती. माझ्या फायलीवर आक्षेप निघत नसे. मार्चअखेर निधी परत जात नसे. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला काम जाई. याहून चांगलं काम ते काय असणार?

ही समजूत एका दुपारी, जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मोडली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण चूक त्या गावाची नव्हती.

मी साठा पडताळणीसाठी गेले होते. कागदावरची वस्तू जागेवर आहे का आणि तिच्यावर नंबर रंगवलाय का, एवढंच बघायचं असतं. खाटा झाल्या, कपाटं झाली, मग नवजात बाळांच्या खोलीत गेले. तिथल्या इन्चार्ज सिस्टर परंड्याकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या. अंगानं बारीक, बोलणं मात्र ठणठणीत.

खोलीत दोन वॉर्मर होते. वॉर्मर म्हणजे उघडा पाळणा, वर एक तापणारी दांडी. कमी वजनाचं बाळ त्यात ठेवतात आणि त्याच्या पोटाला एक वायर चिकटवतात, म्हणजे यंत्राला बाळाचं अंग किती गरम आहे ते कळतं. दोन्ही वॉर्मर माझ्याच फायलीतून आले होते. एक रिकामा होता. दुसऱ्यात कालच जन्मलेली मुलगी होती, माझ्या तळहाताहून थोडी मोठी. बाजूला तिची आजी भिंतीला टेकून बसली होती.

मी नंबर उतरवून घेत असताना वीज गेली. पंखा थांबला. मिनिटाभरात मागं जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला, पंखा पुन्हा फिरायला लागला. तेवढ्यात प्रसूतीच्या खोलीतून हाक आली आणि सिस्टर धावत गेल्या. त्यांच्या हाताखालच्या दुसऱ्या सिस्टर त्या दिवशी शिबिराला गेल्या होत्या.

मी तिथंच खुर्ची ओढून यादी पुरी करत बसले. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा झाली असतील. आजी उठून पाळण्यापाशी गेली.

"बाई, लेकराचं पाय गार लागायलेत वो."

मी मान वर करून म्हटलं, "सिस्टरना विचारा, आजी. मी ऑफिसातली आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते इथं बदलून लिहिता आलं असतं, पण गेलं ते असंच. मी पुन्हा यादीत डोकं घातलं. आजी प्रसूतीच्या खोलीच्या दारापाशी जाऊन आली. दार बंद होतं, आत बाई ओरडत होती. आजी परत येऊन नातीचे पाय चोळत बसली.

थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "रडना झालंय वो लेकरू."

तेव्हा मी उठले. बाळाचे ओठ निळसर दिसत होते. मी यंत्राकडं बघितलं. पडद्यावर काहीच नव्हतं. वरच्या दांडीजवळ हात नेला, तर ती थंड. पंखा फिरत होता, ट्यूबलाइट जळत होती आणि यंत्र मात्र बंद होतं. मला कुठलं बटण दाबायचं ते माहीत नव्हतं. हे यंत्र विकत घेण्याची एकवीस पानं मी लिहिली होती आणि ते सुरू कसं करायचं हे मला माहीत नव्हतं.

मी पळत जाऊन ते बंद दार बडवलं. सिस्टर आल्या, हातमोजे काढत काढतच. त्यांनी एक नजर टाकली, यंत्राच्या कडेचं बटण दाबलं, पण त्याच्या तापण्याची वाट बघितली नाही. बाळाला उचललं, पलीकडच्या खोलीत नेलं, आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावलं आणि वर दोन घोंगड्या टाकल्या.

"हालू नको गं. श्वास घेत ऱ्हा नीट. तुझ्या ऊबनंच येतंय ते."

त्या आईचं वय एकोणीस-वीस असेल. तिनं डोळे मिटून घेतले होते. आजी दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरून उभी होती. सिस्टर दर थोड्या वेळानं थर्मामीटर लावत होत्या आणि आकडा मोठ्यानं न बोलता परत घोंगडी नीट करत होत्या. मी दारात. कुणी मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात मी पाऊण तास बघितला. मग घोंगडीखालून मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला, आणि थोड्या वेळानं तो वाढला. सिस्टर पहिल्यांदा खाली बसल्या.

"ह्ये असं हाय बघा, मॅडम," त्या म्हणाल्या. "लाईट गेली की ह्ये बंद पडतंय. लाईट आली तरी सुरू हुईत न्हाय. बटण दाबावं लागतंय. दिसातनं सात-आठ येळा लाईट जाती. म्या सात-आठ येळा पळती."

"पण बंद पडल्यावर घंटी वाजत नाही का?"

"घंटीला बी लाईटच लागती की."

"मग तुम्ही कळवलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, थकून. "तीन पत्रं लिवली, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पहिलं काम केलं ते त्या पत्रांचा शोध. तिन्ही सापडली. तिन्हींवर आवक शिक्का होता, आणि दोन पत्रांवर माझ्या हातचा शेरा: "पाहिले. नस्तीबद्ध." म्हणजे वाचून फायलीत लावून टाकलं. खाली माझी सही.

मग मी मूळ निविदा काढली. यंत्र कसं असावं याची ती पानं मी एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या निविदेवरून उतरवून घेतली होती. तिथं वीज जात नाही, गेली तर कुणाला कळायच्या आत परत येते, आणि प्रत्येक खोलीत चार सिस्टर असतात. 'वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे' असं वाक्य त्यात नव्हतं, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. आम्हाला होती. पण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी आणखी काही रुग्णालयांसाठी वॉर्मर घ्यायचे होते. जुनीच फाईल पुढं सरकवली असती तर दोन महिन्यांत काम संपलं असतं. मी साहेबांकडं गेले आणि म्हटलं, "सर, निविदा काढायच्या आधी यंत्रं बनवणाऱ्या सगळ्यांना बोलावू. वापरणाऱ्या सिस्टरनाही बोलावू. एका खोलीत बसवू."

साहेब निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढला. "पुरवठादारांशी बोलायचं? निविदेच्या आधी? नोकरीचा कंटाळा आला का तुम्हाला?"

"ते तसेही बोलतातच, सर. कुणी पार्किंगमध्ये बोलतं, कुणी चहाच्या टपरीवर. आपण दार उघडं ठेवून बोलू. जाहीर सूचना काढू, जे बोललं जाईल ते लिहून सगळ्यांच्या सह्या घेऊ."

"नियमात आहे?"

"नियमात मनाई नाही. मी शोधलं."

त्यांनी चष्मा परत चढवला. शेवटी म्हणाले, "इतिवृत्त तुम्ही स्वतः लिहायचं. एक शब्द गाळायचा नाही. उद्या काही झालं तर तेच तुम्हाला वाचवील, नाही तर तेच बुडवील."

बैठकीला पाच कंपन्यांची माणसं आली. तिघांनी यंत्रं आणून भिंतीशी चालू करून ठेवली होती. ज्यांचे वॉर्मर आमच्याकडं आधीपासून होते त्या कंपनीचे प्रतिनिधी पहिल्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वही. एक जण सोलापूरकडच्या छोट्या कारखान्याचे मालक, साठीचे, बोटांवर वेल्डिंगचे डाग. तीन रुग्णालयांच्या सिस्टर आल्या होत्या, त्यात परंड्याच्या सिस्टरही. त्या पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या आणि सगळ्यांच्या मागं बसल्या होत्या.

कंपनीवाले एकेक करून आपल्या यंत्राबद्दल सांगू लागले. आकडे, प्रमाणपत्रं, परदेशात कुठं कुठं यंत्र गेलंय त्याचे फोटो. तिसऱ्याचं बोलणं चालू असताना मागून आवाज आला.

"मेन स्विच कुठंशी हाय?"

सगळ्यांनी वळून बघितलं. शिपायानं दाराजवळची पेटी दाखवली. सिस्टर उठल्या, पदर खोचला आणि त्यांनी स्विच खाली ओढला. खोली अंधारली, पंखे मंद होत थांबले. एकाच यंत्रातून बारीक टीटी आवाज येत होता. सिस्टरनी मनातल्या मनात काही आकडे मोजले आणि स्विच वर केला. दिवे लागले. तीनपैकी दोन यंत्रं तशीच काळी राहिली.

"ह्येच इचारायचं हुतं," म्हणत त्या जागेवर जाऊन बसल्या.

वाजणारं यंत्र एका मोठ्या कंपनीचं होतं. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे बॅटरीचं मॉडेल आमच्याकडं चार वर्षांपासून आहे. पण तुमच्या निविदेत बॅटरी मागितलेली नसते. आम्ही घालून दिली तर दर वाढतो, आणि दर वाढला की आम्ही बाहेर. म्हणून आम्ही काढून टाकून देतो."

"काढून टाकून?" मी विचारलं.

"हो."

मला त्याचा राग यायला हवा होता. पण काढायला कुणी लावलं, हे त्यानं शांतपणे आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं.

सोलापूरचे मालक हात वर करून म्हणाले, "बॅटरीच पाहिजे असं नाही, बाई. घंटी साध्या सेलवर पण वाजते. आन् आपोआप चालू करायला तर एक छोटं सर्किट बास आहे." मी तेही लिहून घेतलं. शेवटी सगळ्यांनी प्रत्येक पानावर सह्या केल्या.

पुढच्या पंधरवड्यात मी नवी निविदा लिहिली. या वेळी कुठून उतरवली नाही, याचा मला फार अभिमान होता. वीज गेल्यावर घंटी वाजावी, आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं, आणि बॅटरी तीस मिनिटं चालावी. निविदा प्रसिद्ध झाली.

अकराव्या दिवशी निनावी अर्ज आला. वरच्या कार्यालयापर्यंत गेलेला. खरेदी लिपिक महिलेनं कंपन्यांशी बंद खोलीत बैठक घेतली, एका कंपनीला सोयीच्या अटी घातल्या, त्यामागचा हेतू तपासावा. निविदा जिथल्या तिथं थांबली.

ते सहा आठवडे मी विसरणार नाही. कुणी मला काही वाईट बोललं नाही. पण अकराच्या चहाला मला हाक मारणं बंद झालं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण फाईल हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवून जायची. एका नातेवाईक बाईंनी माझ्यासाठी तुळजापूरला जाऊन ओटी भरून आलेय म्हणून सांगितलं. मी आजारी असल्यासारखं त्या बोलत होत्या. माझे यजमान शाळेत शिक्षक. ते एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाले, "तू पैसे घेतलेस का, हे मला विचारायचं पण नाही. पण एक सांग, अर्जात काहीच खरं नाही ना?"

"काहीच नाही," मी फटकन म्हटलं.

नंतर मी जेवले नाही. कारण 'काहीच नाही' हे मी फाईल न उघडता म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी लवकर ऑफिसात जाऊन मी कंपन्यांची माहितीपत्रकं पुढ्यात घेतली आणि अट क्रमांक चौदावर बोट ठेवलं. बॅटरी तीस मिनिटं. एकेक पत्रक वाचत गेले. तीस मिनिटं चालणारी बॅटरी एकाच कंपनीकडं होती, बैठकीत जिचं यंत्र वाजलं तिच्याकडं. तीस हा आकडा मी त्यांच्याच इंजिनिअरच्या तोंडून ऐकला होता. मला तो आवडला आणि मी तो लिहून टाकला. कुणी मला एक रुपया दिला नव्हता, चहासुद्धा पाजला नव्हता. पण निविदा एका कंपनीसाठी लिहिलेली दिसत होती, कारण ती तशी झाली होती.

हे कुणाला सांगायचं? साहेबांना सांगितलं असतं तर तेही अडकले असते. गप्प बसले असते तर कदाचित चौकशीत हे कुणाच्या लक्षात आलंही नसतं. तीस मिनिटांमागं तांत्रिक कारण होतं असं म्हणता आलं असतं. दोन दिवस मी ते कारण मनात घोळवत होते, आणि ते बऱ्यापैकी जमलंही होतं.

चौकशीला बाहेरच्या जिल्ह्यातून एक अधिकारी आल्या. माझ्याहून लहान असतील. टेबलावर इतिवृत्त, निविदा आणि तो अर्ज.

"बैठक बंद खोलीत झाली?"

"नाही, मॅडम. जाहीर सूचना आहे. सह्या आहेत."

"त्या बघितल्या मी. इतकं सविस्तर इतिवृत्त मी आजवर बघितलं नाही." त्यांनी पान उलटलं. "अट चौदा. बॅटरी तीस मिनिटं. तीसच का?"

ते तयार कारण जिभेवर आलं होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.

"चुकलं, मॅडम," मी म्हटलं. "तो आकडा एका कंपनीचा आहे. आम्हाला तीस मिनिटांची गरजच नव्हती. जनरेटर मिनिटाभरात सुरू होतो. आम्हाला घंटी हवी होती आणि आपोआप सुरू होणं हवं होतं. मी गरज लिहायची सोडून त्यांचं उत्तरच लिहिलं."

मग त्यांनी इतिवृत्ताचं चौथं पान माझ्यापुढं सरकवलं. सोलापूरच्या मालकांचं वाक्य पेन्सिलीनं खुणावलेलं होतं.

"साध्या सेलवर घंटी वाजते. हे तुम्हीच लिहिलंय. ऐकलं होतंत, पण घेतलं नाहीत."

"हो."

"तुम्ही आत्ता तीस मिनिटांचं समर्थन केलं असतं, तर हे पान मी वेगळ्या तऱ्हेनं वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "शुद्धिपत्रक काढा. काय व्हायला पाहिजे तेवढं लिहा. ते बॅटरीनं होतं का सेलनं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. आणि तुम्हाला लेखी समज मिळेल. ती टळणार नाही."

बाहेर येऊन मी टेबलाशी बसले आणि शुद्धिपत्रकाचा मसुदा लिहायला घेतला.

शुद्धिपत्रकात अट चौदा दोन ओळींची झाली: वीज गेल्यावर दोन मिनिटं ऐकू येईल अशी घंटी, आणि वीज आल्यावर कुणी हात न लावता यंत्र पूर्वीच्याच तापमानावर सुरू. चार कंपन्या पात्र ठरल्या. दर उघडले तेव्हा सगळ्यात कमी दर निघाला तो त्या जुन्या कंपनीचा, जिच्या यंत्रापुढं मी हताश उभी राहिले होते. त्यांनी सेल आणि छोटं सर्किट घातलं होतं, आणि दर बॅटरीवाल्यांच्या जवळपास निम्मा.

साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "आता?"

"आता काय, सर. अटीत बसतंय. द्यायचं."

पण मी पहिलं यंत्र उतरलं तेव्हा स्वतः गेले. इस्त्रीच्या शर्टातले तेच प्रतिनिधी जोडणी करून घेत होते. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तो कुणी केला हे मला आजही माहीत नाही. काम संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं निविदा भरतोय, पण आमचं यंत्र कुठल्या खोलीत चालणार, हे या वेळी पहिल्यांदा कळलं." ते खरं बोलत होते का गोड, हे मी ठरवू शकले नाही. सिस्टरना कंपनीचं काही पडलं नव्हतं. "कुनाचं का असंना," त्या म्हणाल्या, "माजं पळणं थांबलं म्हंजे झालं."

लेखी समज माझ्या सेवापुस्तकाला जोडली गेली. त्या वर्षी बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. यजमानांनी यादी बघितली, घडी घालून ठेवली आणि त्या दिवशी स्वयंपाक त्यांनी केला. बढती पुढच्या वर्षी आली. साहेब तोवर निवृत्त झाले होते. जाताना त्यांनी नव्या साहेबांना खरेदीआधीच्या बैठकीची फाईल स्वतः समजावून सांगितली, ही गोष्ट मला इतरांकडून कळली.

आता निविदा लिहिण्याआधी मी त्या त्या ठिकाणी जाऊन बसते. हे काही सोपं झालेलं नाही. मागच्या आठवड्यात रक्त तपासणीच्या यंत्रासाठी एका प्रयोगशाळेत गेले. तिथले तंत्रज्ञ मला बघताच उठून उभे राहिले आणि रजिस्टरं काढायला लागले. त्यांना वाटलं, तपासणीच आली. मी सांगितलं, मला रजिस्टर नको, तुमचं यंत्र कुठं त्रास देतं ते सांगा. "सगळं व्यवस्थित आहे, मॅडम," ते म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. मी वही बंद करून पिशवीत टाकली आणि स्टुलावर बसून राहिले. बाहेर रुग्णांची रांग होती, त्यांनी काम सुरू केलं. तासाभरानं, एक नळी उजेडाकडं धरून बघता बघता, माझ्याकडं न पाहता ते म्हणाले, "खरं सांगू का?"